एका पिकोसिमेन्सची तफावत: एचटीआर३बी जनुकाचं प्रकरण

गिनी पिगच्या आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं बारीक जाळं असतं. १९८९ मध्ये व्हिक्टर डेर्काच, ॲनमरी सरप्रनंट आणि ॲलन नॉर्थ यांनी त्या पेशींच्या पटलाचा इवलासा तुकडा काचेच्या नळीच्या टोकावर धरला, त्यावर सेरोटोनिन हे निरोप्या द्रव्य सोडलं आणि पटलातली आयनांची (विद्युतभारित अणूंची) दारं एकेक करून उघडताना पाहिली. दारं दोन मापांची निघाली. एकाची वाहकता, म्हणजे त्यातून विद्युतप्रवाह किती सहज जातो याचं माप, सुमारे १५ पिकोसिमेन्स, दुसऱ्याची सुमारे ९. दोनच वर्षांनी या दाराचं जनुक हाती आलं. ते बेडकाच्या अंडपेशीत घातलं, सेरोटोनिन दिलं, प्रवाह वाहिला. ज्या औषधांनी खऱ्या मज्जापेशीतलं दार बंद होतं, त्याच औषधांनी हेही बंद झालं. एक आकडा मात्र जुळेना. या जनुकापासून बनलेल्या दाराची वाहकता एक पिकोसिमेन्ससुद्धा भरत नव्हती.

पंधरा कुठे आणि एकाच्याही आत कुठे! ही तफावत आठ वर्षं तशीच पडून होती आणि १९९९ मध्ये एक नवं मानवी जनुक पुढे आलं तेव्हा तिचा अर्थ लागला. त्या जनुकाचं नाव एचटीआर३बी. विद्यार्थ्यांना आपण ‘जनुक सापडलं’ हे वाक्य फार सहज सांगून टाकतो. सापडलं म्हणजे नेमकं किती सापडलं, हे विचारायची सवय मला या प्रकरणाने लावली, म्हणून ते इथे सविस्तर मांडते आहे.

आतड्यापासून सुरुवात

सेरोटोनिन म्हटलं की बहुतेकांना मेंदू आणि मनःस्थिती आठवते. प्रत्यक्षात शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं. त्याचा शोधही दोनदा लागला. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात ते आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत मिळालं आणि त्यांनी त्याला एन्टेरामाइन म्हटलं. अमेरिकेत क्लीव्हलंडला मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज यांनी १९४८ मध्ये ते रक्ताच्या सीरममधून वेगळं केलं आणि सेरोटोनिन हे नाव दिलं. दोन्ही नावांचं द्रव्य एकच, हे १९५२ मध्ये स्पष्ट झालं.

पुढची पायरी १९५७ ची. जॉन गॅडम आणि झुलेइका पिकारेली यांनी गिनी पिगच्या आतड्याच्या तुकड्यावर दाखवलं की सेरोटोनिनने आतडं आकसतं ते दोन वेगळ्या वाटांनी. एक वाट डायबेन्झिलीनने बंद होई, दुसरी मॉर्फीनने. औषधांच्या आद्याक्षरांवरून त्यांनी वाटांना ‘डी’ आणि ‘एम’ म्हटलं. यातली ‘एम’ वाट १९८६ च्या वर्गीकरणात ५-एचटी३ रिसेप्टर झाली. रिसेप्टर म्हणजे निरोप झेलणारं प्रथिन, ५-एचटी हे सेरोटोनिनचंच दुसरं नाव, आणि सुरुवातीला पाहिलेलं दार ते हेच.

सेरोटोनिनच्या रिसेप्टरांची सात कुळं आहेत. सहा कुळं पेशीच्या आतल्या मध्यस्थांकरवी, सावकाश निरोप पोहोचवतात. ५-एचटी३ चं कूळ एकटंच वेगळं आहे, कारण हा रिसेप्टर स्वतःच आयनांची वाट आहे. प्रथिनाचे पाच उपघटक पिपाच्या फळ्यांसारखे गोलाकार उभे राहतात, मध्ये पोकळी राहते. बाहेरच्या बाजूने, शेजारशेजारच्या दोन उपघटकांच्या सांध्यात सेरोटोनिन बसलं की पोकळी उघडते आणि सोडियम-पोटॅशियमचे आयन काही मिलिसेकंदांत धावू लागतात. पाच उपघटक आणि त्यांच्यामधले पाच सांधे, हे गणित शेवटी पुन्हा लागणार आहे.

या दाराचं महत्त्व कॅन्सरच्या वॉर्डात रोज दिसतं. सिसप्लॅटिनसारखं औषध शिरेतून गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन ओततात, ते व्हेगस मज्जेच्या टोकांवरची ५-एचटी३ दारं उघडतं आणि मेंदूच्या बुंध्यापर्यंत ओकारीचा निरोप जातो. ओंडॅनसेट्रॉन ही दारं बंद ठेवतं. आपल्याकडे एमसेट किंवा ओंडेम या नावाने ती गोळी घराघरांत माहीत आहे. अमेरिकेत या औषधाला जानेवारी १९९१ मध्ये परवानगी मिळाली. रिसेप्टरचं जनुक जाहीर झालं ते त्याच वर्षी, पण नंतर. म्हणजे कुलूप कसं बनलं आहे हे कळण्याआधीच किल्ली बाजारात होती. आणि ती किल्ली उत्तम चालत होती, हाही या प्रकरणातला एक धागा आहे.

बेडकाच्या अंड्यातला प्रवाह

१९९१ चं काम सॅन फ्रान्सिस्कोचं: आंद्रेस मॅरिक, डेव्हिड ज्युलियस आणि सहकारी. (ज्युलियस यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं, ते तापमान आणि स्पर्शाच्या रिसेप्टरांसाठीच्या कामाबद्दल.) पद्धत कष्टाची होती. एनसीबी-२० नावाच्या पेशींमधून आरएनए काढायचा, त्याच्या हजारो डीएनए प्रतींचा संग्रह करायचा, तो गटागटांत वाटायचा. प्रत्येक गटापासून पुन्हा आरएनए बनवून झेनोपस बेडकाच्या अंडपेशींत टोचायचा आणि सेरोटोनिन देऊन प्रवाह वाहतो का ते बघायचं. ज्या गटात प्रवाह मिळेल तो आणखी वाटायचा, पुन्हा टोचायचा. असं करत करत शेवटी एकच प्रत उरते.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ या पद्धतीच्या पोटात आहे. ही चाळणी ज्याला एकट्याने प्रवाह वाहवता येतो तेच जनुक पकडते. ज्या उपघटकाला एकट्याने काहीच करता येत नाही, जोडीदार असला तरच तो कामाला येतो, त्याचा आरएनए एखाद्या अंडपेशीत एकटा टोचला तर ती अंडपेशी गप्प राहते आणि तो गट बाजूला पडतो. यात कुणाची चूक नव्हती. चाळणीची भोकंच त्या मापाची होती.

दुसरी गोष्ट त्या एनसीबी-२० पेशींची. उंदराच्या मज्जापेशींचा अर्बुद (ट्यूमर) आणि चिनी हॅमस्टरच्या भ्रूणाच्या मेंदूतल्या पेशी यांच्या संकरातून ती जात प्रयोगशाळेत तयार झालेली. अशा अर्बुदजन्य पेशींत ५-एचटी३ ची दारं भरपूर असतात, म्हणून त्या सोयीच्या. पण त्यांची वाहकता मुळातच नगण्य होती. एन१ई-११५ या उंदराच्या अर्बुदाच्या पेशींत ती ०.३ पिकोसिमेन्सच्या आसपास मोजली गेली होती. त्यामुळे बेडकाच्या अंड्यातलं दार अर्बुदाच्या पेशींतल्या दाराशी पडताळलं तर दोन्ही सारखीच निघायची. पडताळा पुरा झाला असं वाटायचं. साक्षीदार आणि आरोपी एकाच घरातले होते, हे कुणाच्या लगेच ध्यानात येणार?

एक पिकोसिमेन्स म्हणजे किती, याचा अंदाज घेऊ. पेशीच्या पटलावर ७० मिलिव्होल्टचा दाब धरला तर १५ पिकोसिमेन्सच्या उघड्या दारातून सेकंदाला सुमारे ६५ लाख आयन जातात. अर्ध्या पिकोसिमेन्सच्या दारातून दोन लाखांच्या थोडे वर. दोन लाख ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्यांचा प्रवाह मोजणीच्या उपकरणाच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जातो. एकेक दार उघडताना पाहायची पॅच-क्लॅम्पची रीत ज्यांनी दिली त्या नेहर आणि साकमान यांना नोबेल मिळालं तेही १९९१ मध्येच, पण या दारापुढे ती रीतही अपुरी पडत होती.

मग वाहकता मोजली कशी? पत्र्यावरचा पाऊस आठवा. एकेक थेंब मोजता येत नाही, तरी आवाजावरून थेंब टपोरे आहेत की भुरभूर आहे हे घरात बसून सांगता येतं. तेवढंच पाणी पडत असलं तरी टपोऱ्या थेंबांचा आवाज खडबडीत येतो, भुरभुरीचा सलग. प्रवाहाचंही तसंच आहे. एकूण प्रवाह सरासरीभोवती किती हेलकावे खातो ते मोजायचं आणि त्यावरून एका दाराचा वाटा काढायचा. या हिशेबाने मॅरिक यांच्या जनुकाचा पाऊस भुरभुरीचा निघत होता आणि गिनी पिगच्या आतड्यातला टपोऱ्या थेंबांचा.

संशयाच्या फेऱ्या

कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की. कुठे, यावर नव्वदच्या दशकात बरेच अंदाज झाले.

पहिला अंदाज प्राण्याच्या जातीचा. जनुक उंदराचं, मोजमाप गिनी पिगचं, म्हणून फरक. हा अंदाज १९९४ मध्ये निकालात निघाला. उंदराचंच जनुक, उंदराच्याच अर्बुदाच्या पेशी आणि उंदराच्याच मानेतल्या स्वायत्त मज्जागाठीतल्या पेशी अशी तुलना झाली. पहिल्या दोन्हींत दार एका पिकोसिमेन्सच्या आतलं, तिसऱ्यात कित्येक पट मोठं. एकाच प्राण्याच्या अंगात दोन मापं! १९९५ मध्ये माणसाचं जनुक, म्हणजे एचटीआर३ए, वेगळं झालं. त्याचं दारही तसंच बारीक निघालं.

दुसरा अंदाज काटछाटीचा. एकाच जनुकाचा आरएनए दोन प्रकारे जोडला जातो आणि उंदरात प्रथिनाच्या दोन आवृत्त्या बनतात. एकीत पेशीच्या आत लोंबणाऱ्या लांब वळशातली काही अमिनो आम्लं गाळलेली असतात. दोन्ही आवृत्त्या तपासल्या. दोन्ही बारीक.

तिसरा अंदाज फॉस्फेटचा. पेशी प्रथिनाला फॉस्फेटचे गट चिकटवून त्याचं वागणं बदलते, तर वाहकताही बदलत असेल. नेदरलँड्समधल्या व्हान होफ्ट आणि फायव्हरबर्ग यांनी १९९५ मध्ये अर्बुदाच्या पेशींत त्याला अनुकूल पुरावा दिला. १९९८ मध्ये याच व्हान होफ्ट यांच्या गटाकडून चौथा अंदाज आला: ५-एचटी३ए, म्हणजे १९९१ च्या जनुकाचा उपघटक (यापुढे नुसता ‘ए’), निकोटिनिक रिसेप्टरच्या, म्हणजे ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या निरोप्याच्या दाराच्या, अल्फा-४ उपघटकाशी जोडी जमवतो. हे दोन्ही रिसेप्टर एकाच घराण्यातले, त्यामुळे कल्पना ओढूनताणून आणलेली नव्हती. मला हा अंदाज फार मोलाचा वाटतो. तो चुकीच्या जोडीदाराकडे बोट दाखवत होता, पण ए एकटा नसावा ही त्यातली शंका रास्त होती.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बार्न्स यांच्या गटाने डुकराच्या मेंदूतून शुद्ध केलेला रिसेप्टर निकोटिनिक उपघटकांच्या प्रतिपिंडांनी तपासला. निकोटिनिक काही सापडलं नाही. पण शुद्ध केलेल्या त्या नमुन्यात ए बरोबर आणखीही प्रथिनं येत होती आणि त्यांची ओळख पटत नव्हती. जोडीदार हजर होता, फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

एवढी वर्षं औषधशास्त्राने हा गुंता का उकलला नाही, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. नव्या उपघटकाचा सुगावा बहुधा औषधांमधून लागतो. एक औषध इथे चालतं, तिथे चालत नाही, म्हणजे दोन रिसेप्टर वेगळे. इथे ओंडॅनसेट्रॉन दोन्हीकडे जवळपास सारखंच चालत होतं. रुग्णाच्या दृष्टीने हे भाग्यच. संशोधकाला मात्र त्यातून काहीच कळत नव्हतं. तफावत फक्त विजेच्या मोजमापात होती आणि विजेचं मोजमाप करणारे थोडे.

जोडीदार

मानवी जनुकसंचाचा कच्चा मसुदा २००१ मध्ये यायचा होता, पण तुकड्यातुकड्यांनी डीएनएची माहिती आधीच साठत चालली होती. या साठ्यात ए शी मिळतंजुळतं काही आहे का, असं आता विचारता येत होतं. बेडकाच्या अंड्याच्या चाळणीतून जे निसटलं होतं ते अक्षरांच्या शोधात सुटणार नव्हतं, कारण इथे जनुकाने एकट्याने काम करून दाखवायची अट नव्हती. फक्त कुळाचा चेहरा दिसायला हवा होता.

मेरीलंडमधल्या जनुकसंशोधन संस्थेतले इवेन कर्कनेस, स्कॉटलंडमधल्या डंडीचे जॉन पीटर्स आणि जेरेमी लॅम्बर्ट, तसंच पॉल डेव्हिस, टिम हेल्स आणि सहकारी यांचा निष्कर्ष १९९९ च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये आला. नवा उपघटक ५-एचटी३बी, त्याचं जनुक एचटीआर३बी. ए शी त्याचं साम्य सुमारे ४१ टक्के. गुणसूत्र ११ च्या लांब भुजेवर एचटीआर३ए च्या शेजारीच त्याचं ठिकाण. इतकी वर्षं ज्याचा शोध चालला होता तो भिंतीला भिंत लावून राहत होता. त्याच वर्षी ॲड्रिएन ड्युबिन आणि सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे हाच उपघटक जाहीर केला.

बी एकटा पेशीत घातला तर काहीच घडत नाही. पुढच्या कामातून दिसलं की ए नसेल तर तो पटलापर्यंत पोहोचतच नाही. पेशीच्या आतल्या प्रथिनांच्या कारखान्यात अडकून राहतो. ए आणि बी एकत्र घातले की दार उघडतं आणि त्याची वाहकता भरते १६ पिकोसिमेन्स.

हा आकडा वाचला की आजही मला १९८९ चा तो गिनी पिग आठवतो. पंधरा आणि सोळा. इतकंच नाही. एकट्या ए च्या दारातून कॅल्शियम बऱ्यापैकी जातं, एबी च्या दारातून फारच कमी. विद्युतदाब बदलत नेला तर एकट्या ए चा प्रवाह एका दिशेला वाकतो, एबी चा सरळ रेषेत राहतो, बऱ्याच खऱ्या मज्जापेशींत दिसतो तसा. ट्युबोक्युरारिन या जुन्या विषाची पकडही एबी वर ढिली पडली. औषधांमध्ये फरक होता तर, फक्त तो रोजच्या औषधांत नव्हता.

तीन आर्जिनिन

इथवर हे प्रकरण सुटलं असं म्हणता आलं असतं. पण त्याच निबंधात एक कबुली होती आणि माझ्या मते तीच या साऱ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. बी ने वाहकता वाढवली खरी, पण ती कशी वाढवली याचा माग बी च्या रचनेत लागत नव्हता.

या घराण्याच्या रिसेप्टरांत वाहकता कशी ठरते हे तेव्हा माहीत होतं. प्रत्येक उपघटक पटलातून चार वेळा आरपार जातो. त्यातला दुसरा पदर, एम२, पोकळीला अस्तर लावतो. १९८८ मध्ये जपानमधल्या केइजी इमोतो आणि सहकाऱ्यांनी निकोटिनिक रिसेप्टरवर दाखवलं होतं की एम२ च्या टोकांशी ऋणभारित अमिनो आम्लांची कडी असतात आणि ती धनभारित आयनांना आत ओढतात. कड्यातला भार कमी केला की वाहकता घटते. तेव्हा जो उपघटक वाहकता इतकी वाढवतो त्याच्या एम२ मध्ये ऋणभार ठासून भरलेले असणार अशी अपेक्षा. बी चा एम२ पाहिला तर तिथे तसं काहीच नव्हतं. उलट त्याच्या एम२ कडे पाहून कुणी म्हटलं असतं की हे दार बारीकच असणार.

डंडीच्या पीटर्स-लॅम्बर्ट गटाने प्रश्न उलटा करून घेतला. बी मध्ये काय जास्त आहे हे विचारण्याऐवजी ए मध्ये काय आडवं येतं आहे? त्यांनी ए आणि बी चे तुकडे अदलाबदल करून मिश्र उपघटक बनवले आणि वाहकतेचा बदल कोणत्या तुकड्याबरोबर सरकतो ते पाहिलं. तो सरकला पटलातल्या पदरांबरोबर नव्हे, तर तिसऱ्या आणि चौथ्या पदरांमधल्या लांब वळशाबरोबर. हा वळसा पेशीच्या आत, पोकळीच्या खाली लोंबतो. त्याला तोवर फॉस्फेटचे गट चिकटायची जागा, सांगाड्याला धरून राहायचा आकडा, असल्या कामांसाठी ओळखत असत. आयनांच्या वाटेत तो येत असेल असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं.

त्या वळशात ए कडे ४३२, ४३६ आणि ४४० या क्रमांकांवर तीन आर्जिनिन आहेत. आर्जिनिन धनभारित. क्रमांकांमधलं अंतर चार-चार, आणि प्रथिनाची कुंडली (मळसूत्रासारखा पीळ) साधारण साडेतीन अमिनो आम्लांत एक वेढा पुरा करते, म्हणजे तिन्ही आर्जिनिन कुंडलीच्या एकाच बाजूला, एकाखाली एक येतात. असे पाच उपघटक गोलाकार. दाराच्या खालच्या तोंडाशी पंधरा धनभार पहाऱ्याला उभे! धनभारित सोडियमला तिथून वाट काढायची तर त्याला मागे ढकललं जाणार.

बी कडे त्याच जागांवर ग्लुटामिन, ॲस्पार्टिक आम्ल आणि ॲलानिन आहेत. गटाने ए मधले तीन आर्जिनिन काढून ही तीन बसवली. बाकी ए तसाच ठेवला, बी चा उपघटक घातलाच नाही. वाहकता २८ पट झाली. २००३ मध्ये हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच सुमारास केंब्रिजमध्ये नायजेल अनविन आणि सहकारी निकोटिनिक रिसेप्टरची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उलगडत होते आणि त्यात पोकळीच्या खाली, पेशीच्या आतल्या बाजूला, कुंडल्यांच्या मधून बाजूला उघडणाऱ्या अरुंद खिडक्या दिसत होत्या. आयन सरळ खाली पडत नाहीत. त्यांना या खिडक्यांतून निघावं लागतं. तीन आर्जिनिनची जागा त्या खिडक्यांशी जुळणारी. म्हणजे १९९१ मध्ये मिळालेलं दार पुरतं उघडत होतं, वरची पोकळीही ठीक होती. अडथळा होता तो खालच्या खिडकीत, जिथे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

२०१४ मध्ये उंदराच्या ५-एचटी३ए ची स्फटिक-रचना आली आणि २०१८ मध्ये दोन गटांनी शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो रिसेप्टर सेरोटोनिनसह पाहिला. त्यातला एक सुधा चक्रपाणी यांचा गट क्लीव्हलंडचा, म्हणजे ज्या गावात १९४८ मध्ये सेरोटोनिनला त्याचं नाव मिळालं तिथलाच.

रुग्णाच्या उशाशी

एचटीआर३बी हाती आल्यावर दवाखान्यातला जुना प्रश्न नव्याने विचारता आला: ओंडॅनसेट्रॉन देऊनही काही रुग्णांना उलट्या का होत राहतात? २००३ मध्येच जर्मनीतल्या एका गटाने केमोथेरपी घेणाऱ्या २४२ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांना ओंडॅनसेट्रॉन किंवा ट्रोपिसेट्रॉन दिलेलं होतं. एचटीआर३बी च्या सुरुवातीच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात तीन अक्षरं गळालेली एक आवृत्ती असते. ती आवृत्ती आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्या रुग्णांना उलट्यांचा त्रास अधिक झाला.

हा निष्कर्ष वाचून मला जितका आनंद झाला तितकीच सावधगिरी बाळगावीशी वाटली. असे दोन्हीकडून आवृत्ती मिळालेले रुग्ण थोडेच असतात आणि नंतरच्या अभ्यासांत एकवाक्यता राहिली नाही. ओंडॅनसेट्रॉनसाठी जनुकीय मार्गदर्शक सूचना निघाल्या तेव्हा त्या सीवायपी२डी६ या यकृतातल्या एन्झाइमच्या जनुकावर बेतल्या गेल्या. ज्यांचं हे एन्झाइम औषध अतिवेगाने फोडतं त्यांच्यासाठी ग्रॅनिसेट्रॉनसारखं, त्या एन्झाइमवर फारसं अवलंबून नसलेलं औषध सुचवलं आहे. एचटीआर३बी वरून डोस ठरवायची शिफारस त्यात नाही. दाराच्या रचनेपेक्षा औषध रक्तात किती वेळ टिकतं याचा पुरावा अधिक भक्कम ठरला, असं मी त्याकडे पाहते.

दुसरी एक आवृत्ती बऱ्याच लोकांत आढळते. बी उपघटकात १२९ व्या जागी टायरोसिनऐवजी सेरिन. २००८ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की सेरिनवाल्या एबी दाराचा प्रतिसाद कितीतरी जोरदार असतो आणि दार जास्त वेळ उघडं राहतं. त्याआधी जपानी स्त्रियांमधल्या नैराश्याचा एचटीआर३बी शी संबंध सुचवणारा अभ्यास आलेला होता. प्रयोगशाळेतला परिणाम पक्का आहे. नैराश्याशी जोडणी मात्र सांख्यिकीय आहे आणि तेवढ्यावरून कुणाच्या घरातल्या दुःखाला या जनुकाचं नाव देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

उंदरांचीही मर्यादा इथे सांगायला हवी. उंदीर-घुशींच्या मज्जागाठींत बी सापडतो, पण त्यांच्या मेंदूत तो शोधूनही नीट हाती लागला नाही. माणसाच्या मेंदूत मात्र ॲमिग्डाला, हिप्पोकॅम्पस या भागांत ए आणि बी दोन्हींचा आरएनए १९९९ मध्येच दिसला होता. २००३ मध्ये हायडेलबर्गच्या बेआटे नीसलर यांच्या गटाने आणि इतरांनी सी, डी आणि ई असे आणखी तीन उपघटक दाखवले. त्यांची जनुकं गुणसूत्र ३ वर आहेत आणि उंदीर-घुशींत ती नाहीतच. माणसाच्या दाराबद्दलचे काही प्रश्न उंदराला विचारून उपयोग नाही.

पाचांतले किती

एबी दारात ए किती आणि बी किती? २००५ मध्ये आण्विक बल सूक्ष्मदर्शकाने, प्रतिपिंड चिकटवून, रिसेप्टर वरून पाहिले गेले आणि क्रम निघाला बी-बी-ए-बी-ए. दोन ए, तीन बी. हा क्रम गोलात मांडून पाहा. दोन ए कुठेच एकमेकांना लागून येत नाहीत.

२०१० मध्ये लॉकनर आणि लमिस यांनी सेरोटोनिन आणि त्याला अडवणारी औषधं एबी रिसेप्टरमध्ये कोणत्या सांध्यात बसतात हे तपासलं. उत्तर आलं: ए आणि ए यांच्या सांध्यात. ओंडॅनसेट्रॉनसारखी औषधं ए आणि एबी मध्ये फरक का करत नाहीत याचा उलगडा यातून होतो, कारण दोन्हीकडे तीच बैठक. पण बी-बी-ए-बी-ए मध्ये ए-ए सांधाच नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे कसे असतील?

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माइल्स, डॉहर्टी आणि लेस्टर यांनी चमकणारी प्रथिनं जोडून पेशीच्या पटलावर प्रत्यक्ष पोहोचलेल्या रिसेप्टरांतले उपघटक मोजले. ए ची चमक किती आणि बी ची किती, या प्रमाणावरून उपघटकांचं प्रमाण काढायचं. त्यांचा हिशेब आला तीन ए आणि दोन बी. पाचांच्या गोलात तीन ए कसेही बसवा, निदान दोन तरी शेजारी येतातच. दुसरी मांडणी शक्यच नाही. कागदावर पाच ठिपके काढून करून पाहता येतं.